चाळीस ग्रॅम जास्त

सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच काही महागाचं घेतलं, आणि तेही झोपायला.

त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही हे खरं वाटलं नसतं. टूथपेस्टची नळी संपली की ती कात्रीने उभी चिरून आत उरलेलं ब्रशने निपटून घेणारा हा माणूस. साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवणारा. नोकरीत असताना ते वजनमापांचे तपासनीस होते. दुकानादुकानांतून काटे खरे की खोटे ते बघत फिरायचे, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी इमारतीत त्यांना सगळे तराजूकाकाच म्हणायचे. ते समोरून येताना दिसले की भाजीवाला घाबरून पिशवीत दोन बटाटे जास्तीचे टाकायचा, आणि सासरे ते दोन्ही बटाटे काढून त्याच्या हातावर परत ठेवायचे. "कमी दिलंस तर चोरी, जास्त दिलंस तर काटा खोटा," असं वर ऐकवायचे. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण या घरात जेवणाआधी म्हणत असावेत, असं सूनबाईला लग्नानंतर वर्षभर वाटत होतं.

आणि याच माणसाने दोन महिन्यांची पेन्शन एका अंथरुणात घातली.

झालं असं की सासऱ्यांच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींनी बर्फाळ डोंगरात जायचं ठरवलं. चार दिवस चालायचं, तंबूत राहायचं. मंडळींचा म्होरक्या होता कप्तान. याने जन्मात बोटसुद्धा चालवली नव्हती, पण मिशी आणि आवाज पाहून नाव पडलं ते पडलं. कप्तानाकडे हाताने शिवलेली एक स्लीपिंग बॅग होती. सासऱ्यांनी सहज तिच्यात हात घातला, आणि हाताबरोबर डोकंही तापलं. घरी येऊन म्हणाले, "बाजारातल्या बॅगेत काय असतं? प्लास्टिकचा कापूस. ही पिसांची आहे. पिसं म्हणजे पिसंही नव्हेत, पिसांच्या खालची लव. एक बाई डोंगरातल्या गावात बसून एकेक कप्पा हाताने भरते."

"केवढ्याला?" सूनबाईने विचारलं.

सासऱ्यांनी आकडा सांगितला. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातलं झाकण पडलं.

बॅग मापानं शिवायची होती. त्या बाईने फोनवर उंची विचारली, छातीचा घेर विचारला, पायाचं माप विचारलं, आणि शेवटी विचारलं, "पाठीवर झोपता की कुशीवर?"

"पाठीवर," सासरे म्हणाले.

"कुशीवर!" सासूबाई आतून ओरडल्या. "आणि घोरतात!"

आठ महिन्यांनी बॅग आली. सूनबाईला तो दिवस चांगला आठवतो, कारण त्या दिवशी सासऱ्यांनी खोक्याची चिकटपट्टी न फाडता, नखाने सोलून, जपून काढली. आत कापडाची एक छोटी पिशवी होती, तिच्यातून ती बॅग बाहेर आली आणि जमिनीवर पडल्या पडल्या श्वास घेतल्यासारखी फुगत गेली. गर्द हिरवं कापड, बारीक टाके, एक धागा कुठे लोंबत नव्हता. उणे बारापर्यंतची थंडी सोसेल, असं आत शिवलेल्या पट्टीवर लिहिलं होतं. सूनबाईने शिलाईवरून बोट फिरवलं आणि मनात कबूल केलं की काम चोख आहे. तिला कामातलं कळत होतं. ती दात बनवायची. दंतवैद्य माप पाठवायचे आणि प्रयोगशाळेत बसून ती मेणाचा एकेक दात कोरायची, शेजारच्या दाताला मिळता, चावताना वरच्याला बरोबर बसणारा. एवढेएवढे दात आणि एवढे पैसे, हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते ऐकलं की तिचेच दात शिवशिवायचे.

पण दात तोंडात बसतो आणि कामाला लागतो. ही बॅग कामाला लागायच्या आतच सहल मोडली. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, दुसऱ्याच्या मुलीचं बाळंतपण, आणि कप्तान म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." कशात काय आणि फाटक्यात पाय. ज्या शहरात ऐन हिवाळ्यातही एका चादरीवर भागतं, तिथे सासऱ्यांकडे आता उणे बाराची सोय होती.

"विकून टाका," सूनबाईचा नवरा म्हणाला. प्रत्येक प्रश्नावर त्याच्याकडे दोन शब्दांचं उत्तर असायचं आणि पुढची निस्तरानिस्तर बायकोकडे. तिने जाहिरात दिली. एक गृहस्थ आले, बॅगेत शिरले. बॅग त्यांच्या छातीपर्यंतच आली, आणि रुंदी एवढी की आत आणखी एक माणूस मावला असता. सासरे बुटके आणि आडवे, बॅगही तशीच. गृहस्थ मुकाट्याने बाहेर आले, पाणी प्यायले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी जाहीर केलं, "वस्तू पडून राहिली तर महाग. वापरली तर रोज स्वस्त होत जाते. मी हिच्यातच झोपणार."

पहिल्या रात्री ते घामाने निथळले. दुसऱ्या रात्री पंखा पाचवर. तिसऱ्या रात्री त्यांनी एसी सोळावर लावला आणि समाधानाने झोपले. हाच तो एसी, जो सूनबाईने दुपारी अर्धा तास लावला तर ते मीटरपाशी जाऊन उभे राहायचे.

सासूबाईंनी तो गारठा दोन रात्री सोसला. तिसऱ्या रात्री उशी काखेत मारून त्या सूनबाईच्या खोलीत आल्या. "चाळीस वर्षं एका गादीवर काढली," त्या म्हणाल्या, "आणि आता म्हातारपणी या माणसाने पिसांची सवत आणून ठेवली. सरक."

नवऱ्याची रवानगी सोफ्यावर झाली. त्याला काहीच अडचण नव्हती, तो सोफ्यावरही तितकाच गाढ झोपायचा. अडचण झाली ती सूनबाईची. सासूबाईंना त्या गारठ्याने खोकला धरला होता. दोन खोकल्यांच्या मध्ये त्या गाऱ्हाणं सांगायच्या, दोन गाऱ्हाण्यांच्या मध्ये खोकायच्या, आणि झोप लागली की अर्धी गादी आणि सगळं पांघरूण त्यांचं. पहिल्या आठवड्यातच सूनबाईच्या हातून कोरता कोरता एक दाढ फुटली. वरिष्ठ म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी आहे," ती म्हणाली. "घर बरं नाही."

नवऱ्याशी बोलून पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं. जन्मात पहिल्यांदा हौस केली त्यांनी."

"हौस त्यांची, बिल आपलं, खोकला आईंचा आणि जागरण माझं. तुझ्या वाट्याला काय आलं?"

त्याने विचार केला. "सोफा," तो म्हणाला.



तेवढ्यात सासऱ्यांनी नवंच खूळ काढलं. घरात त्यांचा स्वतःचा काटा होता, निवृत्तीनंतरही जपलेला. त्यावर त्यांनी बॅग तोलली. पट्टीवर लिहिलेल्या वजनापेक्षा ती चाळीस ग्रॅम जास्त भरली. त्यांनी ती उन्हात वाळवली, पुन्हा तोलली. पुन्हा चाळीस. तिसऱ्यांदाही चाळीस. आता ते बॅगेत झोपायचे खरे, पण त्यांना झोप लागेना.

"म्हणजे तिचा काटा खोटा आहे," जेवताना ते म्हणाले.

"बाबा, जास्तच दिलंय ना? मग झालं तर."

"झालं तर कसं? मी पैसे जेवढ्याचे दिले त्यापेक्षा जास्त माल माझ्या घरात आहे. उद्या कुणाला कमी गेला असेल तर?"

सूनबाईने घास खाली ठेवला. भीक नको पण कुत्रा आवर, असं तिला झालं होतं. तिने त्या बाईचा नंबर काढला. घरात सगळे त्या कारागीर बाईला पिसवाली बाई म्हणत. फोनवर आलेला आवाज मात्र पिसासारखा अजिबात नव्हता.

"बॅग परत घ्या," सूनबाई म्हणाली.

"मापाची आहे. परत घेत नाही. फाटलीय?"

"फाटली नाही. आमचं घर फाटलंय." आणि मग तिने सगळं सांगितलं. एसी सांगितला, खोकला सांगितला, सोफा सांगितला, दाढ सांगितली.

"मी बॅग शिवते," बाई म्हणाली. "संसार शिवत नाही. तुम्ही काय करता?"

"दात बनवते."

"यंत्राने?"

"हाताने."

"मग तुम्हाला कळायला हवं," बाई म्हणाली, आणि हे वाक्य सूनबाईला इतकं झोंबलं की तिने ठरवलं नव्हतं तेही बोलून टाकलं. "आणि तुमचा काटा चुकीचा आहे. चाळीस ग्रॅम जास्त भरलंय. माझे सासरे वजनमापांचे तपासनीस होते."

"माझा काटा चुकीचा?" आवाज चढला. "आणा त्या माणसाला इथे. आमच्याकडे सध्या पहाटे बादलीतलं पाणी गोठतं. अंगणात झोपू दे त्याला त्याच्या बॅगेत, आणि काटाही बघू दे. मग बोलू."

सूनबाईला वाटलं, बरंच झालं. एकदाचं खऱ्या थंडीत झोपतील, हौस फिटेल, काट्याचा निकाल लागेल आणि आपण आपल्या गादीवर येऊ. नवऱ्याला रजा मिळाली नाही. म्हणजे त्याने मागितली नाही. तिने स्वतः दोन दिवसांची रजा टाकली, गाडी काढली. सासरे पुढे बसले, मांडीवर बॅग आणि बॅगेवर लाकडी पेटी. पेटीत त्यांची प्रमाणित वजनं होती, मखमलीच्या खाचांत बसवलेली. सासूबाई मागे बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "सवतीचं माहेर बघायचंय मला," त्या म्हणाल्या.

घाट चढेपर्यंत दोघांचं एकच चाललं होतं. सासरे म्हणत, काच खाली करा, थंडीची सवय हवी. सासूबाई म्हणत, काच वर करा, खोकला वाढेल. काचेचं बटण सूनबाईपाशी होतं. शेवटी तिने काच बरोबर मध्यावर आणली आणि म्हणाली, "आता जो बोलेल त्याला इथेच उतरवीन."

पिसवाली बाई पन्नाशीची, काटकुळी, केस घट्ट बांधलेली होती. तिने आधी बॅग हातात घेतली, मग माणसांकडे पाहिलं. कारखाना म्हणजे घराचीच एक लांब खोली. खिडक्या बंद, पंखा नाही, कारण वाऱ्याच्या एका झुळकीने आठवडाभराची लव खोलीभर उडाली असती. एका टेबलावर शिवणयंत्र, दुसऱ्यावर अर्धी शिवलेली निळी बॅग. तिचे कप्पे एका बाजूने उघडे होते, रिकाम्या खिशांसारखे. बाई काचेच्या पेटीत हात घालायची, मूठभर लव छोट्या काट्यावर ठेवायची, चिमटीने कमीजास्त करायची आणि नळीने कप्प्यात सरकवायची. मग कप्पा शिवायचा, मग पुढचा.

सासरे हे सगळं हात मागे बांधून बघत होते. सूनबाईने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. घरातले सासरे म्हणजे मीटरपाशी उभे असलेले सासरे. इथे त्यांची पाठ सरळ झाली होती आणि आवाज खाली आला होता.

"बघू का?" त्यांनी विचारलं.

"बघा," बाई तोऱ्यात म्हणाली.

त्यांनी पेटी उघडली. वजनांना बोट लागू न देता, चिमट्याने, एकेक काट्यावर ठेवलं. काढलं, पुन्हा ठेवलं. टेबल सपाट आहे का ते पाहिलं. पुन्हा ठेवलं. मग म्हणाले, "कमी दाखवतोय. फार नाही, कप्प्यामागे ग्रॅमभर आणि वर थोडं. तुम्हाला वाटतं बारा ग्रॅम घातलं, जातं तेरा-सव्वातेरा. तीसेक कप्प्यांचं मिळून चाळीस."

बाईने स्वतः ठेवून पाहिलं. मग ती स्टुलावर बसली.

"कधीपासून?" ती पुटपुटली, बहुधा स्वतःशीच.

"ते काट्याला विचारा," सासरे म्हणाले. "पण झीज जुनी आहे. काही वर्षं तरी."

"म्हणजे मी काही वर्षं लोकांना फुकट लव वाटतेय. या सगळ्यात महाग काय असेल तर ती लव आहे हो!" तिने कपाळाला हात लावला. आणि मग तिला दुसरं काहीतरी सुचलं असावं, कारण तिचा चेहरा आणखीच उतरला. "लोक म्हणतात, तुझ्या बॅगा लिहिल्यापेक्षा गरम असतात. उणे बारा लिहितेस, उणे पंधरालाही चालते. म्हणूनच तर माझ्याकडे आठ-आठ महिने थांबतात. मला वाटायचं, हाताचं काम आहे माझ्या. शिलाईची करामत आहे."

सूनबाईला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. दोन महिन्यांची पेन्शन घेणाऱ्या बाईची फजिती झाली होती. पण तिला आठवलं, एकदा तिचा एक दात रुग्णाला इतका बेमालूम बसला होता की दंतवैद्याने मुद्दाम फोन केला होता, आणि मग तिला कळलं होतं की मापच मुळात चुकीचं आलं होतं, दोन चुकांची एकमेकींशी गाठ पडली होती. त्या दिवशी ती घरी येऊन कुणाशी बोलली नव्हती.

"शिलाई चांगलीच आहे," ती म्हणाली. तिला हे म्हणायचं नव्हतं. "लव जास्त असली तरी शिलाई उसवली असती तर काय उपयोग?"

बाईने तिच्याकडे पाहिलं. "जेवून घ्या," ती म्हणाली. "थंडी पडेल आता."

थंडी पडली ती अशी की बोलताना शब्दाआधी वाफ दिसायला लागली. सासरे कानटोपी घालून, सगळ्यांचा निरोप घेऊन, परदेशी निघाल्यासारखे अंगणात गेले. ओसरीपुढे चटई अंथरली होती, त्यावर बॅग. ते आत शिरले, चेन नाकापर्यंत ओढली आणि म्हणाले, "आहाहा." सूनबाई आणि सासूबाई आतल्या खोलीत दोन-दोन रजया घेऊन पडल्या. रजयांमधून थंडी येत होती. भिंतीतून येत होती. सासूबाई खोकत होत्या. सूनबाई छताकडे बघत, आपण रजा घेऊन, पेट्रोल जाळून, घरच्यापेक्षा जास्त गारठ्यात, त्याच खोकल्याशेजारी झोपायला इथवर आलो, हा विचार पुन्हा पुन्हा करत कधीतरी झोपली.

जाग आली तेव्हा उजाडायला लागलं होतं आणि शेजारी खोकला नव्हता. शेजारी सासरे होते. भिंतीकडे तोंड करून, दोन रजया गुंडाळून, घोरत. सूनबाई दचकून उठली. आई कुठे आहेत? ती तशीच अनवाणी अंगणात धावली.

चटईवरच्या हिरव्या बॅगेवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं, आणि बॅगेच्या तोंडातून सासूबाईंचं लालबुंद नाक बाहेर आलं होतं.

"आई!"

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "हळू बोल. छान झोप लागली होती."

"तुम्ही इथे कशा?"

"हे आत आले. म्हणाले, बॅग गरम आहे पण एकट्याला झोप येत नाही तिथे. तुझं खोकणं आतून ऐकू येतंय, तू जा त्यात, माझा जीव तरी स्वस्थ होईल." "मी म्हटलं, मी नाही जाणार सवतीच्या कुशीत. पण पाय इतके गारठले होते ना गं. गेले. आणि एकदासुद्धा खोकले नाही, ऐकलंस?"

ऐकलं नव्हतं, म्हणजे खरंच खोकल्या नसाव्यात. सूनबाई तिथेच उभी होती आणि तिच्या अनवाणी पायांना आता जमीन चावत होती. सासूबाईंनी आतून चेन थोडी खाली ओढली. "उभी काय? पाय घाल आत. घाल म्हणते ना."

तिने चटईवर बसून पाय आत घातले. आधी काहीच कळलं नाही. मग बोटं, मग टाचा, मग घोटे आपापल्या जागी परत आले. ही ऊब शेकोटीसारखी चटका देणारी नव्हती. सासूबाईंच्या रात्रभराच्या अंगाची ती ऊब होती आणि बॅगेने ती जराही सांडू दिली नव्हती. तीन आठवड्यांचा राग पायांकडून वितळायला लागला, आणि सूनबाईला त्याचाही राग आला.

"किती छान आहे ना?" सासूबाई म्हणाल्या.

"बरी आहे," सूनबाई म्हणाली.

चहाच्या वेळी पिसवाली बाई डोळे चोळत आली. ती झोपली नव्हती. तिने सांगितलं की रात्रभर विचार केला. काटा नीट केला आणि कमी लव घातली, तर बॅगा थंड होतील आणि इतक्या वर्षांचं नाव जाईल. तेव्हा लव आत्ता जाते तेवढीच घालायची, पट्टीवर वजन खरं लिहायचं, आणि किंमत वाढवायची.

"बरोबर," सासरे गंभीरपणे म्हणाले. "हाच न्याय आहे. आणि माझ्याकडून चाळीस ग्रॅमचे पैसे घ्या."

"तुमच्याकडून कशाला? चूक माझी होती."

"माल माझ्याकडे आहे."

"मी दिलाय तो."

"चुकून दिलाय. चुकून आलेलं ठेवून घेणं म्हणजे—"

"अहो, ती बॅग तुमच्याकडे नाहीच आहे," सासूबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. "ही माझी. मला ही बरोबर बसते. मी तुमच्याएवढीच आहे आणि मी पाठीवर झोपते. मी काही ही देत नाही."

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. वाद घालतील असं सूनबाईला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान आलं आणि ते पिसवाल्या बाईकडे वळले.

"मग माझ्यासाठी दुसरी टाका," ते म्हणाले. "नव्या भावाने."

सूनबाईने कप खाली आपटला.

"नव्या भावाने? बाबा, तो भाव वाढलाय कुणामुळे? तुमच्यामुळे! काल आल्या आल्या मागितली असतीत तर जुन्या भावात मिळाली असती. तुम्हीच इतक्या लांब येऊन, वजनं ठेवून, स्वतःसाठी महाग करून घेतलीत! आणि झोपणार कुठे? एकट्याला तुम्हाला झोप येत नाही अंगणात! सहल मोडली आहे! घरी थंडी नाही! मी तीन आठवडे झोपलेली नाही, माझी दाढ फुटली, दोन दिवसांची रजा गेली, आणि आता घरात एकाच्या दोन बॅगा होणार आणि तुम्ही दोघं दोन बॅगांत, शेजारी शेजारी, दोन ममींसारखे—" तिने दाराकडे बोट केलं. "गाडीत बसा! दोघंही! आत्ताच्या आत्ता!"

त्या आवाजाने पिसवाली बाईसुद्धा गाडीच्या दिशेने दोन पावलं चालली.

म्हातारा-म्हातारी निमूटपणे मागे जाऊन बसले. सूनबाईने सामान भरलं. डिकी लावून ती वळली तेव्हा सासऱ्यांनी काचेतून हात काढून काही नोटा बाईच्या हातात कोंबल्या होत्या, आणि बाई त्या परत आत टाकत होती, आणि नोटा सीटखाली चालल्या होत्या. कोण जिंकलं ते सूनबाईने पाहिलं नाही. तिने चावी फिरवली.

बाई तिच्या खिडकीशी आली. "दोन्ही बॅगा पाठवू नकोस मला परत," ती म्हणाली, आणि मग खालच्या आवाजात, "तू कुशीवर झोपतेस का?"

"मला झोपायलाच मिळत नाही," सूनबाई म्हणाली आणि गाडी काढली.

घाट उतरताना मागची दोघं आधी कुजबुजत होती, मग नीटच बोलायला लागली. दुसरी बॅग येईपर्यंत पहिलीत कोणी कधी झोपायचं, याचा वाद होता. सासूबाई म्हणत होत्या, रोज मी. सासरे म्हणत होते, एक दिवसाआड. मग सासऱ्यांनी विचारलं, "रुंद आहे ना तशी? दोघं मावत नाही का?" आणि सासूबाई "इश्श, सून पुढे बसलीय" म्हणून त्यांना कोपराने ढोसल्याचा आवाज आला.

वळणावर एक टपरी दिसली. सूनबाईने गाडी कडेला घेतली, उतरली, दार लावून घेतलं आणि चहा मागितला. एकच. हवा अजून गार होती, पण पायांत कालच्यासारखी बधिरता नव्हती. मागे काचेवर टकटक झाली. मग पुन्हा झाली. सासूबाईंचा आवाज आला, आम्हालाही घे गं. सासऱ्यांचा आवाज आला, दोनात तीन करून घे, उगाच तीन कशाला.

तिने कप दोन्ही हातांत धरला आणि समोरच्या दरीकडे बघत शेवटचा घोट होईपर्यंत उभी राहिली. मग टपरीवाल्याला म्हणाली, "आणखी दोन द्या. पूर्ण भरून."